खड्डा नव्हता

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून पेपर वाचला. म्हणजे तिनं वाचला आणि मी ऐकला. माझी बायको सातवी शिकलेली, मी चौथीतनं शाळा सोडलेली. मला अक्षरं लागतात, पण एक बातमी संपेपर्यंत चहा गार होतो. म्हणून लग्न झाल्यापासनं पेपर तिच्याकडं आणि कान माझ्याकडं अशी वाटणी होती.

पेपरातलं आमचं एक पान ठरलेलं होतं. आतलं, सातारा-सांगलीच्या बातम्यांचं. त्या पानावर खालच्या बाजूला अपघात असतात. मी मूळचा पाटणकडचा, म्हणजे सातारा जिल्हा. ती इस्लामपूरजवळच्या गावची, म्हणजे सांगली. आणि आमचं घर कराडच्या खाली, हद्दीला चिकटून. आमच्या गावचा ओढा ओलांडला की सांगली जिल्हा सुरू होतो. तर आमचा एक खेळ होता. कुणाच्या जिल्ह्यात किती माणसं रस्त्यावर गेली ते बघायचं. भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं, त्याच्या खिळ्याला दोऱ्यानं दोन पेनं बांधलेली. साताऱ्याला निळं, सांगलीला लाल. जेवढी माणसं तेवढे ठिपके त्या तारखेच्या चौकोनात द्यायचे. महिना संपला की ती मोजायची. ज्याच्या जिल्ह्यात जास्त तो हरला. हरला की पहिल्या तारखेचा चहा त्यानं करायचा.

हे लिहिताना हात आखडतो. कुणाचा बाप, कुणाची लेक मेलेली, आणि आम्ही बशीत चहा ओतून हसत बसायचो. पण खोटं आता लिहायचं नाही असं ठरवूनच वही घेतली आहे. हसायचो.

त्या दिवशी तिनं चष्मा कपाळावरनं खाली ओढला आणि म्हणाली, "तुमच्यात दोन. उभ्या ट्रॉलीला मागनं मोटरसायकल धडकली."

"आनि तुमच्यात?"

"आमच्यात कोन न्हाई आज. आमची मानसं डोळं उघडं ठिवून चालवत्यात."

"तुमच्याकडं रस्ताच न्हाई. चालवत्यात कशावर?"

ती हसली, उठली, कॅलेंडरवर दोन निळे ठिपके दिले. परत येऊन बसताना सहज बोलल्यासारखं तिनं विचारलं, "आवं, माजा पाटा आणला का काल?"

मी म्हणालो, "आणला की. ट्रॉलीत हाय."

आणला नव्हता.

पाट्याचं सांगायला पाहिजे. माझ्या आईच्या वेळचा काळ्या दगडाचा पाटा, चटणी-मसाला वाटायचा. घराला फरशी घातली तेव्हा उचलताना माझ्याच हातनं पडला आणि दोन तुकडे झाले. लहान तुकडा तिनं न्हाणीत कपडे घासायला ठेवला. मोठा मी ट्रॉलीत टाकला. मी सगळा जन्म उसाचा ट्रॅक्टर चालवला. आधी दुसऱ्यांचा, मग म्हातारपणी एक जुना स्वतःचा. भरलेली ट्रॉली चढाला बंद पडली की चाकामागं काहीतरी लावावं लागतं, नाहीतर ती मागं सरते. गोटे निसटतात. पाटा बसतो तो बसतोच. तिला ते पटत नव्हतं. ती म्हणायची, ज्याच्यावर सासूनं आणि मी वाटलं त्याच्यावर तुम्ही चाक चढवता. पण नेऊ दिला. एवढंच म्हणायची, की रस्त्यात टाकून येऊ नका.

आमच्याकडं रस्त्यात गाडी बंद पडली की एक रीत आहे. झाडाची एक फांदी मोडून मागं खोवायची आणि चार-पाच दगड लांबनं दिसतील असे मांडायचे. मागनं येणाऱ्याला कळावं. ही रीत चांगली आहे. पण गाडी दुरुस्त झाली की माणूस बसतो आणि जातो. दगड तिथंच. ते कोण उचलणार? मी कधी उचलले नाहीत, आणि माझ्याबरोबरच्या कुणालाही उचलताना पाहिलं नाही. फार तर म्हणायचो, मागचा बघंल.

तीच एकटी उचलायची. आधी आधी हंगामात ती माझ्याबरोबर ट्रॅक्टरवर बसून यायची. चाक बदलून मी इंजिन चालू करायचो तवा ही खाली. एकेक दगड पदर खोचून गटाराकडं नेऊन टाकायची. मागं गाड्या हॉर्न मारायच्या, आणि मला लाज वाटायची. तवा त्या गोष्टीची लाज वाटली, बघा. मी वरनं ओरडायचो, चल की, तुझ्या बापाचा रस्ता हाय का. ती म्हणायची, बापाचाच हाय, माहेरला ह्याच रस्त्यानं जाते मी.

तर आदल्या दिवशी दुपारी ओढ्याच्या पुलापलीकडच्या चढाला माझ्या ट्रॉलीचं मागचं टायर फुटलं. मी पाटा चाकामागं लावला, कडंचे पाच दगड मांडले, करंजाची फांदी खोवली. पंक्चरवाला येऊन चाक बदलून गेला. कारखान्यावर माझा नंबर जाणार म्हणून मी घाईत निघालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर पाट्याची आठवण झाली. म्हटलं, उद्या आणू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं आणि मी आणला म्हणालो. वाद नको म्हणून. एवढ्या साध्या गोष्टीसाठी खोटं बोललो.

तिच्या भावाच्या घरी त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीची सुपारी फोडायची होती. मुक्कामालाच जायचं म्हणून त्याच संध्याकाळी धारा काढून, म्हशीला वैरण टाकून आम्ही मोटरसायकलवर निघालो. दिवस बुडाला होता पण उजेड होता थोडा. ती माझ्या मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू. डोक्याला दोघांच्याही काही नाही. पूल ओलांडला. समोरनं उसाचा रिकामा ट्रक आला, दोन्ही दिवे डोळ्यात. मी कडेला घेतली. ट्रक गेला आणि माझ्या दिव्यात दगड दिसला.

पाटा टाकवतात, म्हणजे छिन्नीनं खरबरीत करतात, तेव्हा त्याच्यावर बारीक बारीक घाव पडतात. ते घाव दिसले मला. चाक चढायच्या आधी, डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात मी माझ्या घरचा पाटा ओळखला.

मला खरचटलं फक्त. ती मागनं उडाली आणि डोक्यावर पडली.

माणसं जमली. ऊसतोडणीच्या टोळीतली होती, लगेच धावली. कुणीतरी टेंपो थांबवला. तिला उचलताना एकाच्या पायात पाटा आला. त्यानं तो उचलून कडेला घाणेरीच्या झुडपात भिरकावला. मी बघत होतो. टेंपो उलटा फिरून पूल ओलांडून कराडला निघाला. दवाखान्याच्या दारात ती गेली. डॉक्टरनं हात लावला आणि माझ्याकडं बघितलं, एवढंच.

मग पोलीस आले. ते आधी हद्दीवरनं बोलायला लागले. पडली पुलापलीकडं, म्हणजे सांगली. मेली कराडात, म्हणजे सातारा. कागद कुणाचा, हे ठरायला वेळ लागला. मी बाकड्यावर बसून ऐकत होतो. आमचाच खेळ चालला आहे असं वाटलं. आणि निळा की लाल, ठिपका द्यायला ती नव्हती.

मग मला विचारलं, कशामुळं पडला?

मी तोंड उघडायच्या आधी टेंपोवाला म्हणाला, "खड्डा हाय तितं साहेब, चढाला. लय दिसापास्नं हाय."

खड्डा होता, हे खरं. पाच-सहा पावलं अलीकडं, टाच बुडेल एवढा. माझं चाक त्यात गेलंच नव्हतं. पोलिसानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं लिहिलं: रस्त्यातील खड्डा. मी खाली सही केली. चौथीपर्यंत शिकल्याचा उपयोग झाला.

सावडायच्या दिवशी तिचा भाऊ, भावकी, सगळी एकच बोलत होती. तिची वेळ भरली होती. माझ्या म्हाताऱ्या चुलतीनं माझ्या पाठीवर हात ठेवून तेच सांगितलं, वेळेपुढं कुणाचं चालतंय का. मला ते बरं वाटलं. एकदा वेळच भरली म्हटल्यावर पाटा कशाला मध्ये आणायचा, असं मी माझ्या मनाला सांगितलं. आणि गावातली तरणी माणसं खड्ड्यावर बोलत होती. त्यातही मला बरंच वाटलं. दोन्हीकडनं मी सुटत होतो.

पण खड्डा म्हटला की माणूस लागतो. आमच्या गावचाच एकजण त्या रस्त्यावर मुकादम होता. ठेकेदाराच्या हाताखाली, डांबर-खडी टाकणाऱ्या बायका-माणसांवर. गरीब स्वभावाचा. त्याच्यावर सगळे तुटून पडले. चावडीपुढं त्याला विचारलं की खड्डा का भरला नाहीस. तो म्हणाला, मी सांगितलं होतं वरती, माल आला नाही. कोण ऐकतंय. गावानं अर्ज दिला. ठेकेदारानं त्याला सांगितलं, उद्यापासनं येऊ नकोस.

दहाव्याला तो माझ्या घरी आला. माणसं ओट्यावर बसलेली होती. तो कुणाशी बोलला नाही. सरळ माझ्यासमोर आला, वाकला आणि माझे दोन्ही पाय धरले.

"मामा," तो म्हणाला, "मामीच्या हातचं लय खाल्लंय मी. माजी चूक झाली. मला माफ करा."

त्याचे हात माझ्या पायावर होते. डांबरानं काळे झालेले, कवाच न निघणारे. मी पाय मागं घेतले नाहीत. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, जाऊ दे, झालं ते झालं. लोकांना ते लय आवडलं. कुणीतरी म्हणालं, देवमाणूस हाय.

मी बायको मारली ती चुकून. ह्या माणसाला मी जाणूनबुजून पाय धरू दिले.

त्यानंतर मी ट्रॅक्टर विकला. मोटरसायकल गोठ्यात पडून आहे. पेपर येतो, घडी तशीच राहते. कॅलेंडर मी काढलं नाही. त्या तारखेला दोन निळे ठिपके आहेत, सकाळचे. त्याच्या पुढचे सगळे चौकोन कोरे.

मुकादम आता दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जातो. वाटेत भेटला की तो उतरून सायकल हातात धरतो आणि मान खाली घालून उभा राहतो, मी पुढं जाईपर्यंत. आधी आधी मी त्याच्याकडं न बघता जायचो. मग मी ती वाटच सोडली. ओढ्याच्या कडंनं, चिखलातनं जाऊ लागलो.

माझी नात, म्हणजे लेकीची मुलगी, रस्ते-पूल बांधायचं शिकते इस्लामपूरच्या कॉलेजात. ह्या पावसाळ्यानंतर एका दुपारी ती आली. तिच्या पाठीवरच्या पिशवीत कॉम्प्युटर होता. आजीच्या मागं ती माझ्याकडं येते ते बहुतेक मला जेवायला घालायलाच. पण त्या दिवशी तिनं आल्या आल्या विचारलं, आबा, आज्जीची जुनी कॅलेंडरं कुठं आहेत?

होती. बायको काही टाकत नसायची. पेटीच्या तळाला, गुंडाळून सुतळी बांधलेली, कितीतरी वर्षांची. नातीनं ती सोप्यात जमिनीवर पसरली आणि गुडघ्यावर बसून बघत राहिली. निळे-लाल ठिपकेच ठिपके. ती म्हणाली, "आबा, आज्जीनं तर सर्वेच केलाय. आमच्या सरांना दाखवते मी."

मला वाटलं हिला सांगावं की तो सर्वे नव्हता, खेळ होता. पहिल्या तारखेच्या चहासाठी होता. नाही सांगितलं.

तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याच्यावर होता. रस्त्यावर माणसं मरतात ती कुठं जास्त, कुठं कमी. तिनं कॉम्प्युटर उघडून दाखवलं. आधी आपले जिल्हे, मग राज्यं, मग देश. प्रत्येकाचा उभा पट्टा, कुठला उंच कुठला बुटका. मी विचारलं, मोठ्या देशात माणसं जास्त, तर मरणार जास्तच. ती म्हणाली, तसं मोजत नाहीत, लाख माणसांमागं किती असं मोजतात, म्हणजे लहान-मोठा बरोबरीनं तोलता येतो. ते मला पटलं. उसाचं एकरी वजन काढतात तसं.

आपल्यापेक्षा उंच पट्ट्याचे देशही होते. ते बघून मला, काय सांगू, जरा बरं वाटलं. जसं रोज सकाळी बायकोच्या जिल्ह्यात जास्त मेले की वाटायचं. बायको गेल्यावरसुद्धा माझी ती खोड गेली नव्हती.

मग तिनं कडंचा एक पट्टा दाखवला. नखाएवढा. म्हणाली, हे स्वीडन. मी विचारलं, तिथं गाड्या कमी असतील. ती म्हणाली, "आबा, तिथं गाड्या आपल्यापेक्षा जास्त आहेत माणसामागं. आणि बर्फ पडतो रस्त्यावर."

चुलतीचं बोलणं डोक्यात आलं. वेळ भरली की माणूस जातो म्हणतात. मग ह्या स्वीडनातल्या लोकांची वेळ भरत नाही का? तिथं पण म्हाताऱ्या बायका माहेरी जात असतील. आपल्याकडंच एवढ्या माणसांची वेळ रस्त्यावर, दिवस बुडताना, कशी भरते?

मी तिला विचारलं, तिथं असं काय करतात.

ती लय गोष्टी सांगत होती. वेग, गाडीत बसताना बांधायचे पट्टे, दारू, रस्त्याची मधली भिंत. मला अर्धं कळलं. मग ती म्हणाली, की गाडी बंद पडली तर तिथं लोक मागं एक लाल त्रिकोण उभा करतात, चमकणारा. प्रत्येकाच्या गाडीत असतो.

"आनि गाडी चालू झाल्यावर?"

"मग उचलून परत गाडीत ठेवतात."

"समदी?"

ती हसली. "हो आबा, त्यात काय. स्वतःचाच असतो ना तो."

मी उठून पाणी प्यायला आत गेलो. न्हाणीत बायकोचा पाट्याचा लहान तुकडा आहे, त्याच्याकडं बघत उभा राहिलो. परत आलो तर नात पुढचं पान काढून बसलेली. त्यावर आजीचा फोटो होता. चष्म्यातला, आमच्या लेकीच्या घरी काढलेला. बाजूला त्या चढाच्या खड्ड्याचा तेव्हाचा फोटो, आणि खाली बरंच लिहिलेलं. तिनं मला वाचून दाखवलं. अगदी तिच्या आजीसारखंच वाचणं, बोट न फिरवता. त्यात लिहिलं होतं, की माझी आजी रस्त्यातल्या खड्ड्यामुळं गेली. ठेकेदार आणि त्याचा मुकादम यांनी निष्काळजीपणा केला. गावानं तक्रार केल्यावर मुकादमाला काढलं. असं प्रत्येक मरणामागं जबाबदार माणूस सापडला तर आपलाही पट्टा खाली येईल.

"फक्त एक कळत नाही," ती म्हणाली. "आज्जीचा ठिपका कुठल्या रंगाचा द्यायचा? सातारा की सांगली?"

मी म्हणालो, "त्ये मुकादमाचं लिवलंय त्ये खोडून टाक."

"का? त्याची दया येते म्हणून?"

"खड्डा न्हवता."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं होतं ती विचारील, खोटं का बोललात. तिनं ते विचारलंच नाही. ती म्हणाली, "मग आज्जी कशानं गेली?"

मी सांगितलं. टायर फुटल्यापासनं. सकाळी बायकोनं पाटा आणला का विचारलं आणि मी आणला म्हणालो, तेही. मुकादमानं पाय धरले तेही. मध्ये कुठं थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढं गेलो नसतो. ती कॉम्प्युटर मांडीवर घेऊन ऐकत होती. त्याचा उजेड गेला, पडदा काळा झाला, तरी ती तशीच.

मग तिनं विचारलं, "हे अजून कुणाला सांगितलंत?"

"तुलाच."

"मला सांगून काय उपयोग आबा?"

तिनं कॅलेंडरं गुंडाळली, सुतळी बांधली, पेटीत परत ठेवली. नेली नाहीत. पाचच्या गाडीनं जाते म्हणाली. नेहमी जाताना वाकून नमस्कार करते, त्या दिवशी केला नाही. दारात थांबून चपला घातल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिकडं स्वीडनात माणूस मेला की लोक जागेवर जाऊन कारण शोधतात. आपल्याकडं कारण विचारतात आणि सांगेल ते लिहितात. त्या सगळ्या पट्ट्यांत किती खड्डे असे असतील कोण जाणे." आणि गेली. तिनं स्वयंपाक करून ठेवला होता. भाकरी तशीच कालवणाजवळ राहिली, सकाळी म्हशीला घातली.

धार काढली, डेअरीला दूध घातलं. मग पोतं आणि विळा घेऊन चालत निघालो. पूल ओलांडला, चढाला आलो. खड्डा भरलेला होता, काळा, गुळगुळीत. एवढ्या आरड्याओरड्यानंतर भरणारच. रस्त्याच्या दुसऱ्या कडेला कुणाच्या तरी बंद पडलेल्या गाडीचे दगड पडलेले होते, चार. त्यांच्याकडं मी नंतर बघणार होतो. घाणेरी कमरेएवढी वाढली होती. विळ्यानं तोडत आत शिरलो, काटे लागले, आणि पाटा सापडला. पालथा पडलेला, खाली मुंग्यांचं घर. उलटा केला. मातीखाली छिन्नीचे घाव होते तसेच. पोत्यात घातला, खांद्यावर घेतला. वजन आहे त्याला. माझ्या वयात दोन ठिकाणी बसावं लागलं.

मुकादमाचं घर आमच्या आळीच्या मागं आहे. तो कामाला निघायच्या आत पोचलो. सायकलला खुरपं बांधत होता. मला बघून त्यानं सायकल भिंतीला लावली आणि नेहमीसारखी मान खाली घातली. त्याची बायको आतनं म्हणाली, मामा आलं, चहा टाकते. मी म्हणालो, चहा नको. आधी ऐका.

पोतं उघडून पाटा त्याच्या दारात ठेवला.

"खड्डा न्हवता रं," मी म्हणालो. "ह्यो हुता. माज्याच ट्रॉलीचा. मीच टाकून आल्तो."

त्याला कळायला वेळ लागला. तो वाकून पाट्याकडं बघत राहिला. त्याच्यावरनं बोट फिरवलं, घावांवरनं. मग मान वर केली. गेल्या कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्यानं माझ्या डोळ्यात बघितलं.

"मी पाय धरलं तवा तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती, हातात रिकामं भांडं. शेजारचा एकजण तोंड धूत धूत थांबून बघत होता. मला वाटलं तो मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"उचला त्यो," तो म्हणाला. "माज्या दारात नको."

मी वाकलो आणि उचलला. पोत्यात घालताना कुणी मदतीला आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. खांद्यावर घेतला आणि पोलीस चौकीच्या वाटेला लागलो. वाटेत पूल ओलांडावा लागतो. चढाला ते चार दगड होते तिथंच. पोतं खाली ठेवलं, ते एकेक करून गटारापलीकडं नेऊन टाकले, आणि पोतं परत खांद्यावर घेतलं.